पडून राहून ताकद साठत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं की पेशंटला हलू देऊ नका, दूध-अंडी-डाळी बंद करा कारण त्यावर गाठ पोसते, मिश्री एकदम तोडू नका आणि आजाराचं नाव त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.

आधी झोपून राहण्याचं बघू. २००७ च्या एका अभ्यासात धडधाकट म्हाताऱ्या माणसांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांचं जवळपास किलोभर मांस झडलं. आधीच खंगलेल्या आजीचं काय होईल? उलट बाजूही तपासलेली आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठानं २०१४ मध्ये आतड्याच्या कॅन्सरच्या ७७ रुग्णांचा अभ्यास मांडला. निम्म्यांना व्यायाम, प्रथिनं आणि मन शांत करण्याचे सराव ऑपरेशनच्या चार आठवडे आधीपासून दिले, बाकीच्यांना नंतर. ऑपरेशननंतर आठ आठवड्यांनी पहिल्या गटातले ८४ टक्के पूर्वीइतकं किंवा जास्त चालत होते, दुसऱ्यातले ६२. राजहंसगड चढायला कुणी सांगत नाही. डॉक्टरला विचारून, थोडा दम लागेल अशा चालीनं गल्लीतच फिरायचं.

आणि फुप्फुसांच्या व्यायामासाठी देतात ते तीन बॉलचं प्लास्टिकचं यंत्र! निम्मे लोक चूल पेटवल्यासारखं त्यात फुंकतात. फुंकायचं नाही. नळी ओठांत घट्ट धरून श्वास सावकाश आत ओढायचा, बॉल क्षणभर वर टिकवायचा. हे आधीच जमलेलं बरं. नंतर टाके ओढत असताना कोण शिकणार?

डाळी बंद केल्यानं गाठ उपाशी मरत नाही, झिजतो तो पेशंट. जखम भरायला वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम. भाकरी आणि पातळ आमटीवर ते भागत नाही. मटकीची उसळ, अंडी, दही हवं. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी आधी विचारावं. शुगरवाल्यांनी कुंदा लांबूनच बघावा.

मिश्रीचं निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात सांगणं जड जातं, पण निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. विडी असो वा मिश्री, चार आठवडे आधी सुटली तर उत्तम. डोकं दुखेल, चिडचिड होईल, पण ते ओसरतं.

नाव लपवलं तरी वॉर्डात कळतंच, तेही शेजारच्या खाटेवरून. माहीत असलेला माणूस निदान विचारतो तरी: नळ्या किती, उठवणार कधी, दुखलं तर काय?

मात्र या तयारीपायी ऑपरेशनची तारीख आपल्या मनानं पुढं ढकलू नका; हातात आठच दिवस असले तर आठ दिवसांत जमेल तेवढं करायचं.