बुशार नुसते संधिसाधू?

क्वेबेक हा फ्रेंचभाषक प्रांत कॅनडापासून वेगळा करू पाहणारे नेते ल्युसियें बुशार यांच्यावरच्या तुमच्या लेखात त्यांना सरळ 'संधिसाधू' म्हणून मोकळं होणं पटलं नाही. पक्ष बदलले, हे खरंच. पण १९९० साली त्यांनी सोडलं काय, ते बघा: कॅनडाचं पर्यावरणमंत्रिपद आणि पंतप्रधान ब्रायन मलरूनींसारखा लावाल विद्यापीठापासूनचा दोस्त. त्यानेच त्यांना पॅरिसला राजदूत म्हणून पाठवलं, मग मंत्री केलं. क्वेबेकला राज्यघटनेत 'वेगळा समाज' मानणारा मीच लेक करार पातळ होतोय म्हटल्यावर गडी बाहेर पडला. आधी फुटीरवाद्यांच्या बैठकीला कौतुकाची तार पाठवली होती, तो मात्र दोस्ताच्या पाठीत खंजीरच.

१९९३ च्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या ब्लॉक केबेक्वा या फुटीरवादी पक्षाला ५४ जागा आणि मलरूनींच्या जुन्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला फक्त २! कॅनडा तोडायला निघालेला माणूस ओटावात अधिकृत विरोधी पक्षनेता. असा विनोद लोकशाहीतच होतो.

लेखात आजारपण एका ओळीत उरकलंय. डिसेंबर १९९४ मध्ये जंतुसंसर्गाने पाय कापावा लागला. त्या अवस्थेत डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, 'पुढे चालू ठेवा, धन्यवाद.' डॉक्टरांसाठीचे शब्द लोकांनी चळवळीसाठी उचलले. पुढच्या ऑक्टोबरात क्वेबेक वेगळं व्हावं का यावरच्या सार्वमतात तेव्हाचे मुख्यमंत्री पारिझोंनी 'हो'च्या प्रचाराची धुरा त्यांच्याकडे दिली नि वारं फिरलं. तरी ४९.४२ टक्के मतांवर 'हो'ची गाडी अडली.

पुढे स्वतः क्वेबेकचे मुख्यमंत्री झाल्यावर मात्र बुशार यांनी अर्थसंकल्पातली तूट शून्यावर आणायला रुग्णालयं बंद केली. तिथे जुना कॉन्झर्व्हेटिव्ह दिसतो, त्यावर लेखात अक्षरही नाही.