म्हणे, ‘आठ दिवस घरी ठेवा’!

जळगाव-धुळ्याकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : लहान मुलांना डिप्रेशन होत नाही. मोबाईल काढून घ्या, शेतात न्या. शाळेची भीती वाटत असेल तर आठ दिवस घरी ठेवा, आपोआप जाते. समुपदेशन म्हणजे गप्पांचे पैसे. आणि मरणाचं विचारूच नका, नसलेलं डोक्यात येतं. काल तो सख्ख्या आत्यानेच पाठवला, म्हणून हे लिहिणं आलं.

घरी ठेवणं हाच रोग वाढवायचा उपाय. शाळा टळली की पोटातला गोळा लगेच विरतो, आणि पळालं की सुटका होते, हे पोर पक्कं शिकतं. नवव्या दिवशी भीती दुप्पट. थेरपीत उलट करतात. भीतीला ० ते १० गुण देऊन पायऱ्या लिहायच्या : रविवारी रिकाम्या शाळेच्या फाटकापर्यंत, मग मधल्या सुटीत ऑफिसात बसणं, एक तास वर्गात, अर्धा दिवस. ७ गुणांची भीती ३-४ वर येईपर्यंत तिथून हलायचं नाही, तीच पायरी रोज. चुकतं कुठे? पोर रडलं की आई ऐन भीतीतच घरी आणते, किंवा वडील थेट पूर्ण दिवसावर उडी मारायला लावतात.

गप्पा? २००८ साली अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ४८८ चिंताग्रस्त मुलांवर चाचणी झाली. तासाभराच्या १४ बैठकांनी सुमारे ६० टक्के मुलं बरीच सुधारली, खोट्या गोळीवर २४ टक्के. थेरपी आणि औषध मिळून ८१.

शेताचं मात्र अर्धं खरं, कबूल. उदास पोराला हालचालीने बरं वाटतं. पण काम त्याने निवडलेलं, छोटं, ठरल्या वेळी हवं. शिक्षा म्हणून कापूस वेचायला पाठवलंत तर उदासीत अपमानाची भर.

मोबाईलचं सोडा. दोन आठवडे रोजची चिडचिड, झोप-भूक बिघडलेली, खेळणं सुटलेलं, तर तो माज नव्हे. किशोरवयात उदासी बरेचदा चिडीतूनच दिसते.

मरणाचं विचारल्याने विचार पेरला जात नाही, इतकं तर संशोधनाने स्पष्ट आहे. सरळ, घरच्या बोलीत विचारा : ‘तुले जगणं नको वाटस का?’ हो म्हटलं तर ओरडू नका, उपदेश नको, एकटं सोडू नका. कपाशीच्या फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवून कुलपात, किल्ली मोठ्यांच्या खिशात. मग १४४१६ लावा. टेलि-मानसची ही सरकारी सेवा फुकट आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.