दोन इंच वर

भाऊ, पिकप दारात आली, एमएच १९ नंबर पडला, काचेवर कानबाईचा फोटो लागला, मागच्या फाळक्यावर आईचा आशीर्वादही रंगवून झाला. आता राहिलं एकच, गाडी उचलणं, म्हणजे चाकांवर दोन इंच उंच बसवणं. गाडी किती उंच असावी याचा हिशेब कंपनीच्या इंजिनिअरांनी केलेला असतो, मान्य. पण चोपड्याच्या स्टँडसमोरून पिकप गेली तर किती माना वळतात, हे त्यांनी कधी मोजलं का? नाही ना? मग.

मुहूर्त मे महिन्यातला, दुपारी एकचा धरा. पारा ४४ वर असतो, अख्खं गाव कूलरपुढे आडवं असतं, त्यामुळे अडवायला शहाणा माणूस फिरकत नाही. उन्हात पडलेला पाना हातात घेतला की आपोआप टाकलाही जातो, तेवढाच व्यायाम.

काळ्या मातीत जॅक बसत नाही, रुततो, म्हणून खाली फरशीचा तुकडा द्या. गाडीखाली टेकवायला लोखंडी स्टँड मिळतात, पण घरी घरकुलाच्या विटा शिल्लक असताना पैसे कशाला घालवायचे? मी तीन-तीन विटांची चळत लावली होती. खाली उताणा पडून स्प्रिंगचे पाटे अ‍ॅक्सलला, म्हणजे चाकांच्या दांड्याला, बांधणारे यू-बोल्ट सोडवत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली म्हणून बाहेर सरकलो. पहिला घोट घेतला आणि मधली वीट 'टक्' वाजली. चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, वीतभर खाली बसली. माझं डोकं जिथे होतं तिथे आता लाल भुगा होता. बायकोने भुग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, कप-बशी उचलली आणि आत गेली. तुम्ही ही चूक करू नका. चहा काम संपल्यावरच घ्या.

आता मुख्य माल. बाजारातलं तयार किट म्हणजे पैशाची नासाडी. लेथवाल्याकडून दोन इंची लोखंडी ठोकळे कापून आणा आणि मागच्या अ‍ॅक्सल आणि पाट्यांच्या मध्ये सारा. पुढे ठोकळा देत नाहीत म्हणतात, तिथे एकेक पाटा वाढवा. जुने यू-बोल्ट लांबीला पुरणार नाहीत, नवे लागतील. ते अमुक इतक्याच जोराने आवळायचे आणि काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, असं मिस्त्री सांगतो. त्याला काय, त्याला धंदा करायचाय. आपण पान्याला बोअरचा पाईप लावायचा आणि बोल्ट रडेपर्यंत ओढायचा.

गाडी उतरवलीत की पहिली फेरी मारा. चाळीसच्या पुढे पायाखाली गुणगुण सुरू होईल. मागची चाकं फिरवणाऱ्या शाफ्टचा कोन बदललेला असतो, त्याच्या सांध्यातले क्रॉस घासायला लागतात. टेपचा आवाज वाढवला की प्रश्न मिटतो. ब्रेकची नळी ताणून वाळत घातलेल्या दोरीसारखी झालेली दिसेल, तिकडे बघू नका. स्टिअरिंगचा दांडा तिरका झाल्यामुळे प्रत्येक खड्ड्याला गाडी स्वतःचं मत मांडू लागेल. अमळनेरला निघालात तर पोचाल अमळनेरलाच, पण साइडपट्टीवरून.

खरी गंमत मात्र ब्रेकमध्ये आहे. बऱ्याच पिकपला मागे चेसीवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली. माल भरला की चेसी खाली दबते, अ‍ॅक्सलच्या जवळ येते, दांडी हलते आणि व्हॉल्व्हला कळतं की गाडी भरलीय, मागच्या चाकांना ब्रेक जास्त द्यावा. आपण मध्ये दोन इंचांचा ठोकळा सारला की त्या बिचाऱ्याला काय वाटणार? गाडी रिकामी आहे! दीड टन मका पाठीवर घेऊन कन्नडहून चाळीसगावला घाट उतरत होतो, पाय पूर्ण दाबलेला, आणि मागची चाकं सुट्टीवर. पुढचे ब्रेक तेवढे जळत होते, वासाने क्लीनर जागा झाला. असा अनुभव कंपनीच्या गाडीत मिळत नाही. वरून गाडीचा तोलही दोन इंच वर गेलेला, त्यामुळे वळणावर गाडी आधी झुकते, मग विचार करते.

कायद्याची भीती घालणारे भेटतीलच. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ म्हणतं की कंपनीने दिलेल्या तपशिलाशी गाडीचं आरसी पुस्तक जुळणार नाही असा बदल गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलामागे' हे नीट वाचा. ठोकळे, मोठे टायर, बंपर, सगळ्यांचं वेगवेगळं बिल, किराणा दुकानासारखं. विमावाल्याला तर अशी गाडी दिसली की देव भेटल्याचा आनंद होतो, क्लेम नाकारायला कारण शोधावं लागत नाही.

गाडी घेऊन मी मळ्यात गेलो, केळी भरायला. माना वळल्या, खोटं कशाला बोलू. आबा बांधावर बसले होते. डोळ्यांवर हात धरून त्यांनी खालून वर बघितलं.

"हाई गाडी शे का वावरमाना माळा?" म्हणजे, ही गाडी आहे की शेतातली मचाण?

कटाईच्या टोळीने दोनच घड चढवले. वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावरून नेहमीच्या उंचीला टेकतो, तो आता फळीला अडत होता. तिसऱ्याला पाय उंचावताना पोराचा तोल गेला आणि घड फळीवर आपटला, अर्ध्या फण्या काळ्या. मुकादम माझ्याशी भांडला नाही. खाली बसून तंबाखू मळली आणि शांतपणे म्हणाला, "घडाले दोन रुपया जास्ती लागतीन, भाऊ. नईतं शिडी लई ये."

मी आठवडाभर हिशेब केला. घडामागे दोन रुपये, दिवसाला तीन खेपा. मग मिस्त्रीकडे गेलो. त्याने ठोकळे काढायचे पैसे घेतले, दांडी जागेवर बसवली, ब्रेकची नळी नवी टाकली आणि एक शब्द बोलला नाही. तेच जास्त लागलं.

ठोकळे वाया गेले नाहीत. कूलरच्या मागच्या दोन पायांखाली दिलेत. टाकीतलं तळाचं पाणी आता पुढे पंपाकडे येतं आणि रात्री उठून बादली ओतावी लागत नाही. बायको म्हणते, पहिल्या दिवसापासून तिथेच द्यायचे होते.