चिंतनाला दीड मिनिट

गोव्यातला रेडिओ, सकाळी आठ ते नऊ. पाहुणे, गाणी, श्रोत्यांचे फोन आणि शेवटी चिंतन. कागदावर हा कार्यक्रम इतका शांत दिसतो की तो करणाऱ्याला रक्तदाबाची गोळी का लागते हे कुणाला कळत नाही. हिशेब मांडला की कळतं. साठ मिनिटांतली २२ पाच गाण्यांना जातात. जाहिराती ९, फोन ६, वेळ-हवामान-जिंगल ३, चिंतन ३. उरली १७ मिनिटं, आणि तीही सलग नव्हेत. गाण्यांमधल्या चार फटींत वाटलेली. पाहुण्यांना बोलावताना मात्र आम्ही ‘या, तासभर निवांत गप्पा मारू’ असं म्हणतो. पुढच्या सगळ्या संकटांचं बी या एका वाक्यात असतं.

बाहेरून गोव्यात पाहुणा आणणं पूर्वी सोपं होतं, कारण विमानतळ एकच होता. जानेवारी २०२३ पासून मोपाहूनही विमानं उडू लागली. एक विमानतळ उत्तरेला पेडण्यात, दुसरा दक्षिणेला मुरगावात दाबोळीला, आणि आपण मधे पणजीत. तिकिटावरच्या खुणा जीओआय आणि जीओएक्स: पहिली दाबोळीची, दुसरी मोपाची, फरक शेवटच्या एका अक्षराचा. मुंबईचे मॅनेजर फोनवर ‘गोवा एअरपोर्ट’ एवढंच सांगतात. तेव्हा तिकिटाचा फोटो मागवावा, शेवटचं अक्षर मोठं करून पाहावं, मग गाडी सांगावी. नोव्हेंबरात ‘इफ्फी’ या चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत कलाकार आयते गोव्यातच असतात, असं नवख्यांना वाटतं. असतात खरे, पण ते जिथे उतरतात तिथे रात्र अडीच वाजता संपते, आणि आपल्याला ते साडेसातला स्टुडिओत हवे असतात.

येताना आवाज घोगरा असतो आणि पहिली मागणी चहाची असते. ती गोड बोलून टाळायची. दुधाच्या चहाने तोंड चिकट होतं. जीभ टाळूपासून सुटताना बारीक ‘टच्’ असा आवाज येतो, आणि माइक तो इमानेइतबारे वाळपईपर्यंत पोचवतो. कोमट पाणी द्यावं, आंबटसर सफरचंदाची फोड द्यावी. तिने तोंड साफ होतं. काजूची वाटी पुढे करणं हा इथला पाहुणचार, पण स्टुडिओत ती नको. काजूचा एक कण घशात अडकला की पुढची चार मिनिटं मुलाखत खोकल्याची होते. पाव-भाजीही नंतर. चहाही नंतर. ‘नंतर’ हा शब्द पाहुणे लक्षात ठेवतात. पुढे तो आपल्याला महागात पडतो.

मग बसवायचं. खुर्ची बिनचाकाची आणि न फिरणारी हवी. मोठी माणसं विचार करताना गोल फिरतात, आणि माइकसमोरून तोंड हललं की अर्धं वाक्य गोव्याला आणि अर्धं भिंतीला ऐकू जातं. बांगड्या काढून ठेवायची विनंती करावी. ‘ताई, नाहीतर श्रोत्यांना वाटेल ओटी भरण्याचा कार्यक्रम चाललाय’ असं म्हटलं की राग येत नाही. खटक्याचं पेन हातातून काढून पेन्सिल द्यावी. कडक इस्त्रीच्या कुर्त्याला इलाज नाही. फोन बंद म्हणजे बंद, थरथरीवर नव्हे. टेबलावर थरथरणारा फोन टेबलाच्या लाकडातून थेट माइकमध्ये शिरतो.

माइक तोंडापासून साधारण वीतभर, आणि नाकासमोर नको, ओठांच्या कोपऱ्याच्या रोखाने. समोर धरला तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांचा वारा सरळ माइकच्या आतल्या पडद्यावर आदळतो, आणि ‘पणजी’ म्हटलं की धप्प असा स्फोट होतो. शिवाय माइकच्या जवळ जावं तसा आवाजातला खर्ज फुगतो. सिनेमातल्या नटांना हे दोन मिनिटांत समजतं आणि ते पुढे पुढे सरकत माइकला ओठ लावायच्या बेतात येतात. रंगभूमीवाल्यांचं उलटं. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेसाठी कमावलेला. त्यांना दोन वीत मागे बसवावं. आवाजाच्या चाचणीत तर कुणावरच विश्वास ठेवू नये. ‘सकाळी काय खाल्लंत?’ असं विचारलं की माणूस देवळात बोलावं तसं हळू सांगतो. लाल दिवा लागतो आणि तोच माणूस सभा घेतो. म्हणून चाचणीत, ज्या मापकावर शून्याच्या वर आवाज फाटतो त्यावर, उणे १२ डेसिबलवर समाधान मानून वरची जागा मोकळी ठेवायची.

सगळ्यांत घातक प्रश्न म्हणजे ‘तुमच्या प्रवासाविषयी काय सांगाल?’ हा विचारणाऱ्याला, माझ्या मते, आठवडाभर फक्त समुद्राच्या भरती-ओहोटीच्या वेळा वाचायला लावाव्यात. प्रवास जन्मापासून सुरू होतो. पहिली फट संपते तेव्हा पाहुणे इयत्ता चौथीत असतात. ज्येष्ठ गोमंतकीय असतील तर चौथीतून पोर्तुगीज अमदानीतल्या ‘एमिसोरा द गोवा’ या रेडिओ केंद्रात जातात, आणि तिथून त्यांना १९६१ पर्यंत आणायला आणखी एक फट खर्ची पडते. आपल्या फोंड्याकडच्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ साली ‘नासा’च्या व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वी सोडून गेली, ती साडेतीन मिनिटांच्या आसपास आहे. तेवढ्यात साऱ्या विश्वाला सांगण्याजोगं सांगून होतं. आमच्या पाहुण्यांचे वर्गशिक्षक संपत नाहीत. तेव्हा प्रश्न लहान आणि टोकदार हवा. पहिल्या प्रयोगाचं पाकीट किती रुपयांचं होतं? प्रॉम्प्टर झोपला तेव्हा काय केलंत? अशा प्रश्नाला माणूस आधी हसतो, मग चाळीस सेकंदांत खरं बोलतो.

उलट तऱ्हाही असते. एखाद्या आठवणीने पाहुण्यांचा गळा दाटतो आणि ते थांबतात. नाटकात या जागेला टाळी पडते. रेडिओत या जागेची वाट एक यंत्र बघत असतं. ठरवलेले सेकंद, समजा पंधरा, आवाज आला नाही की प्रक्षेपण बंद पडलं असं समजून ते आपण होऊन राखीव बासरी सुरू करतं. त्याला दुःख आणि बिघाड यांतला फरक कळत नाही. म्हणून आम्ही दहाव्या सेकंदाला हळूच ‘हं’ म्हणतो. श्रोत्यांना तो ‘हं’ फार सहृदय वाटतो.

फोन घ्यायची वेळ आली की कार्यक्रमाचं खरं ध्रुवपद सुरू होतं: ‘रेडिओचा आवाज कमी करा.’ श्रोता रेडिओशेजारीच बसलेला असतो. त्याचा आवाज फोनमधून आमच्याकडे, आमच्याकडून मनोऱ्यावर, मनोऱ्यावरून त्याच्या रेडिओत आणि रेडिओतून पुन्हा फोनमध्ये. उशिरा आला तर प्रतिध्वनी, लगेच आला तर किंचाळी. प्रतिध्वनीत आपलंच वाक्य मागून ऐकू आलं की श्रोता सौजन्याने थांबतो, ते संपू देतो, मग बोलतो, पुन्हा थांबतो. शेवटी फोन खाली ठेवून रेडिओ बंद करायला जातो आणि तेवढा वेळ सगळा गोवा त्याच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतो. परत येऊन ‘फोंड्यासावन उलयतां’, म्हणजे फोंड्याहून बोलतोय, एवढं कोकणीत सांगून तो प्रश्न मराठीत विचारतो, आणि प्रश्न बहुधा एकच असतो: ‘ओळखलंत का मला?’ पाहुणे सभ्यपणे हो म्हणतात. तिथे दोन मिनिटं गेली. वर टेलिफोनची जुनी वाट ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच रुंद. ‘स’ आणि ‘फ’ त्यात सारखेच ऐकू येतात, त्यामुळे गाणं कुणासाठी लावायचं त्या नावाची दोनदा फोड करून घ्यावी लागते.

गाणी त्यामानाने गुणी. प्रत्येकाच्या नावापुढे सुरुवातीचं वाद्यसंगीत किती सेकंदांचं ते लिहून ठेवावं आणि गायकाने तोंड उघडण्याआधी आपण मिटावं. ७८ आरपीएमच्या तबकडीवरची जुनी नाट्यपदं तर वरदान आहेत: एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे बुवांना आवरतं घ्यावंच लागे. अशी एक बाजू पाहुण्यांनाही असती तर बरं झालं असतं.

इथवर येता येता घड्याळात ८:५५ चे ८:५८ झालेले असतात. नऊला बातम्या. त्या नेटवर्कवरून आपोआप येतात आणि कुणासाठी सेकंदभरही थांबत नाहीत. जाहिराती कापता येत नाहीत, त्यांचे पैसे आलेले असतात. पाहुणे कापता येत नाहीत, ते समोर बसलेले असतात. कापायला उरतं चिंतन. म्हणून ते नेहमी तीन मापांत तयार ठेवतात: तीन मिनिटांचं सुमारे ३३० शब्दांचं, दीड मिनिटाचं १६५ चं आणि अर्ध्या मिनिटाचं ५५ चं. लिहिताना शेवटचं वाक्य आधी लिहावं, कारण वाचलं जाण्याची खात्री त्या एकाचीच असते. कागद एका बाजूने लिहिलेले आणि टाचणी न मारलेले असावेत. पान उलटल्याचा आवाज चिंतनात वादळासारखा घुमतो. विषय बहुतेक वेळा सावकाशीचा असतो. ‘क्षणभर थांबा, दीर्घ श्वास घ्या’ हे वाक्य निवेदक श्वास न घेता म्हणतो, कारण श्वासाला लागणारे दोन सेकंद माशांच्या मसाल्याच्या जाहिरातीला गेलेले असतात.

आणि मग जिंगल वाजते. जिंगल म्हणजे सुटका असं पाहुण्यांना वाटतं. खरं तर निवेदकाला ‘नमस्कार’ म्हणायचा असतो, म्हणून जिंगलच्या खाली माइकचे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, अजून वरच असतात. लाल दिवा विझेपर्यंत कुणी ब्र काढू नये, हे सुरुवातीलाच दोनदा बजावायचं असतं. बजावलेलं असतंही. पण पाहुणे मागे रेलतात आणि कमावलेल्या, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणतात, ‘आता तरी चहा द्या हो!’ पेडण्यापासून काणकोणपर्यंत ते स्पष्ट ऐकू जातं. त्यानंतर श्रोत्यांचे मेसेज येतात. चिंतनाबद्दल एकही नसतो. पाहुण्यांना चहा दिला की नाही, एवढंच सगळ्यांना हवं असतं, आणि कुणीतरी विचारतं की साखर किती घेतात.