पाईपला चुंबक बांधून बोअरचं पाणी मऊ होत नाही

निपाणी-चिकोडी-अथणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा दावा जोरात फिरतोय: बोअरच्या पाईपवर दोन चुंबकं समोरासमोर बांधा. कॅल्शियम फुटतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) उतरतो, साबणाला फेस येतो, गीझरमध्ये थर धरत नाही.

कॅल्शियम फुटतं? ते पाण्यात आधीच सुट्या आयनांच्या रूपात विरघळलेलं असतं. आता हिशेब करा. हार्डनेस (पाण्याचा जडपणा) लिटरला 500 मिलिग्रॅम आणि वापर रोज 200 लिटर धरला, तर दिवसाला 100 ग्रॅम क्षार पाईपमधून जातात, महिन्याला 3 किलो. चुंबकाला ना गाळणी, ना ड्रेनची नळी. मग हे 3 किलो जातात कुठे? नळातूनच बाहेर येतात. म्हणून फेसही वाढत नाही. साबण कॅल्शियमशी मिळून साका होतोच.

टीडीएस उतरतो? नाही. शिवाय टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतं, हार्डनेस नाही. हार्डनेससाठी थेंबांचं किट आणा. चुंबकाच्या आधीचं आणि नंतरचं पाणी एकाच वेळी भरा, लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजा. दोन्हीकडे सारखेच लागतात.

थर धरत नाही? दाव्यातला विचार करण्याजोगा भाग एवढाच. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. चुंबकामुळे त्याचे स्फटिक कॅल्साइटऐवजी अॅरागोनाइटचे (त्याच कॅल्शियम कार्बोनेटच्या वेगळ्या घडणीचे) बनतात, असं काही प्रयोगांत दिसलं, काहींत काहीच दिसलं नाही. अशा यंत्राचं पेटंट बेल्जियममध्ये 1945 साली निघालं. तरी कुठल्या पाण्यात खात्रीनं गुण येईल याचा नियम अजून बसलेला नाही. त्यात आपल्याकडे जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप असेल, तर चुंबकीय क्षेत्र लोखंडातूनच वळतं, पाण्यापर्यंत फारसं पोचत नाही. पुढे पाणी टाकीत तासन्‌तास पडून राहतं, तोवर काही परिणाम झालाच असेल तर तो टिकेल याची खात्री नाही.

'आमच्याकडे फरक पडला'? चुंबक बसवताना प्लंबरनं कॉइलही साफ केली होती का, ते विचारा. पावसानंतर बोअरचं पाणी बदलतं. बेळगाव शहरात राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी टाकीत मिसळलं तरी हार्डनेस उतरतो.

खर्च करायचाच तर रेझिनच्या सॉफ्टनरवर करा; त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून बदल्यात सोडियम सोडतात. 25 लिटर रेझिन साधारण 1250 ग्रॅम हार्डनेस धरतं, म्हणजे 500 च्या पाण्यात 2500 लिटर. मग रेझिन पुन्हा ताजं करायला 3 ते 4 किलो मिठाचं 10 टक्के द्रावण अर्धा तास सावकाश सोडायचं आणि खारटपणा जाईपर्यंत धुवायचं. हे चुकवलं की रेझिन भरलेलंच राहतं आणि लोक मशीनला दोष देतात. या पाण्यात लिटरला सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं, म्हणून पिण्याची लाईन वेगळी ठेवा. धुतलेलं मिठाचं पाणी उसात किंवा विहिरीजवळ अजिबात सोडू नका, सोडियमनं काळी जमीन चिबडते.

सॉफ्टनर परवडत नसेल तर गीझरचा थर्मोस्टॅट 50-55 अंशांवर ठेवा. वर्षातून एकदा एमसीबी (विजेचा मुख्य स्विच) पाडून, पाणी काढून कॉइल व्हिनेगरमध्ये बुडवा, झिजलेला मॅग्नेशियम रॉड आणि गॅस्केट बदला. बाथरूमचं ॲसिड वापरू नका, ते थराबरोबर तांब्याची कॉइल आणि टाकीही खातं.