‘सहा महिन्यांत’ हे वाक्य माझंच होतं

भाऊ, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री पाळीवर असतानाच वाचली. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर तिखट झालं असतं, म्हणून दोन दिवस थांबले. तसे आपण जुने शेजारीच. तुमचं दारव्हा आणि आमच्या दर्यापूरचं बनोसा स्टेशन, दोन्ही एकाच शकुंतला रेल्वेच्या रुळावरची.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शाळेतली नोकरी सोडून मी सायबर सुरक्षेत कशी आले, यावर मागच्या महिन्यात लिहिलं होतं. त्यावर भाऊंचं म्हणणं असं, की मी खेड्यातल्या बायकांना नसती स्वप्नं दाखवते. त्यांच्या घरी वहिनींनी एका क्लासला पंच्याऐंशी हजार भरले. प्रमाणपत्र आलं, नोकरी आली नाही, कारण जो तो दोन वर्षांचा अनुभव मागतो. त्यात पाळ्या रात्रीच्या, आणि खालची कामं आता एआय खाणार. ‘डी.एड. झालेल्या बाईचा आन् हॅकिंगचा संबंध काय?’ असंही त्यांनी विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘तुमचं जमलं म्हणजे सगळ्यांचं जमते असं नाही, ताई.’

आधी माझी चूक. ‘सहा महिने मन लावून अभ्यास केला आणि सायबर सुरक्षेत आले,’ असं मी लिहिलं होतं. सहा महिने अभ्यास केला हे खरं. सायबर सुरक्षेत आले हेही खरं. मधला ‘आणि’ तेवढा खोटा.

खरा हिशेब असा. विनाअनुदानित शाळेत साडेचार हजार महिन्यावर होते, कोरोनात तेही बंद झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये अभ्यासाला बसले. सहा महिने शिकण्यात गेले आणि पुढचे आठ महिने अर्ज करण्यात. बहुतेक ठिकाणी फॉर्मच पुढे सरकत नसे. शिक्षणाच्या रकान्यात बीई, बीटेक, एमसीए एवढंच, त्यात बी.ए., डी.एड. बसवणार कुठे? जानेवारी २०२२ मध्ये नागपूरला हेल्पडेस्कवर लागले, तेरा हजारांवर. काम काय, तर लोकांचे विसरलेले पासवर्ड नवे करून देणं आणि प्रिंटर का चालत नाही ते फोनवर विचारणं. नऊ महिन्यांनी तिथल्याच सॉकमध्ये, म्हणजे चोवीस तास पहारा ठेवणाऱ्या विभागात, जागा निघाली. माझी टिकिटं, म्हणजे प्रत्येक तक्रारीची लेखी नोंद, नीट लिहिलेली असतात हे तिथल्या एकाने पाहिलं होतं, म्हणून मला बोलावलं. एकूण तेवीस महिने.

त्या काळात माझी दुसरीतली पोरगी सासूबाईंजवळ गावी होती आणि मी महिन्यातून दोनदा एसटीने यायची. लॅपटॉप आला तो त्या वर्षीच्या तुरीच्या पैशातून. हे लेखात नव्हतं. लिहायला लाज वाटली, दुसरं कारण नाही. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

वहिनींच्या क्लासबद्दल मात्र मी तुमच्याही पुढे जाऊन बोलेन. ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असं लिहिलेला फलक दिसला की तिथून परत फिरावं. असल्या क्लासात काली लिनक्स नावाची हॅकिंगची साधनं भरलेली प्रणाली दाखवतात, वायफायचा पासवर्ड फोडून दाखवतात, पोरं टाळ्या वाजवतात. पण फोडून बघण्याच्या कामासाठी नवख्याला सहसा कुणी घेत नाही. नवख्याला मिळालंच तर लॉग, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या नोंदी, वाचायचं काम मिळतं. ब्राउझरमध्ये पत्ता टाइप केल्यापासून पान दिसेपर्यंत मधे काय काय घडतं, एवढा एकच प्रश्न मला मुलाखतीत वीस मिनिटं उलटसुलट विचारला. नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारं डीएनएस, संगणकाचं कोणतं दार ठोठवायचं ते सांगणारा पोर्ट, बोलणं सुरू करण्याआधी दोन संगणकांनी टीसीपीने हात मिळवण्याचा प्रकार, सगळं त्यात येतं. पंच्याऐंशी हजारांत वहिनींना हे शिकवलं का, ते विचारून बघा. सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीचे सुरुवातीचे धडे फुकट आहेत, केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे अभ्यासक्रमही फुकट शिकता येतात. इंग्रजीत आहेत, हीच अडचण. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन केले.

आता डी.एड.चा संबंध. इथे मी तुमचं ऐकणार नाही.

समोर पडद्यावर रात्रभर अलर्ट, म्हणजे धोक्याचे इशारे, पडत असतात. बहुतेक पोकळ निघतात. एकदा एका खात्यावर दर दोन मिनिटांनी चुकीचा पासवर्ड पडत होता, रात्रभर. विंडोजच्या लॉगमध्ये त्याचा आकडा ४६२५, म्हणजे दार वाजवलं पण उघडलं नाही. शेजारचा नवा इंजिनिअर पोरगा उडालाच, ‘मॅडम, अटॅक!’ मला ते हल्ल्यासारखं वाटेना. घड्याळ लावल्यासारखा दर दोन मिनिटांनी कोण चोर येतो? कुठल्या यंत्रावरून येतंय तो नेटवर्कमधला पत्ता पाहिला तर ऑफिसच्या आतलाच. सुरुवात दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, आणि त्या साहेबांनी पासवर्ड बदलला तो चारला. त्यांचा जुना टॅब ड्रॉवरमध्ये पडून जुन्याच पासवर्डने मेल मागत बसला होता.

दुसऱ्या रात्री याच्या उलट. चाळीस खाती, प्रत्येकावर एकच चूक. एकेक खातं वेगळं पाहिलं तर कुणाचंही काही बिघडलेलं नाही, एखादी चूक कुणाचीही होते. पण चाळीसही एकाच बाहेरच्या पत्त्यावरून, आणि एकेचाळिसाव्यावर ४६२४, म्हणजे दार उघडलं. एकच सोपा पासवर्ड सगळ्यांवर फिरवून बघायचा हा प्रकार. मला शाळेतले सुट्टीचे अर्ज आठवले. सहा पोरांच्या सहा अर्जांवर सहा बापांच्या सह्या, आणि हस्ताक्षर सगळीकडे एकच! ती नजर मला कुठल्या क्लासने दिली नाही, बारा वर्षं हजेरी घेऊन आली.

दिसलं की लिहायचं. कोणतं खातं, किती वाजता, कुठून, मी काय तपासलं, काय तपासायचं राहिलं. लॉगमधली वेळ पुष्कळदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवायचे राहिले की अख्खी गोष्ट उलटीपालटी होते. मी पहिल्या महिन्यात दोनदा ही चूक केली आणि दोन्हीदा बोलणी खाल्ली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठरावीक प्रकारची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपून ठेवावे लागतात. म्हणून वरचे लोक पहाटे तीनला माझं टिकीट वाचतात तेव्हा त्यांना घड्याळ दिसत असतं. या टिकिटांचं इंग्रजी तेच ते दोनशे शब्द, बसतं हळूहळू. परदेशी ग्राहकाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मात्र अजूनही घशाला कोरड पडते.

रात्रपाळीबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार बाईला रात्री साडेनऊ ते सकाळी सात कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची आणि पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. गाडीची सोय होती, खोटं का बोलू. पण संमती? मुलाखतीत ‘रोटेशनल शिफ्ट चालेल ना?’ असं विचारतात, तेव्हा तेवीस महिने वाट पाहिलेली बाई ‘नाही’ म्हणू शकते का? मी हसून ‘चालेल’ म्हटलं.

आता महिन्यातले दोन आठवडे गावाहूनच काम करते. इन्व्हर्टर, दोन कंपन्यांचे नेट आणि एक बंद दार, एवढी तयारी लागते. दाराचंच सगळ्यात जड गेलं. ग्राहकाची माहिती पडद्यावर असते, घरच्यांनीही ती पाहायची नाही असा नियम आहे. सासूबाईंना तो अपमान वाटला. ‘आमच्यापासून काय लपवतं वं रातभर?’ म्हणाल्या. गल्लीत आधीच चर्चा होती की यांच्या सुनेच्या खोलीत रात्रभर लाइट असते. शेवटी मी त्यांना म्हटलं, ‘आई, दहावीचे पेपर घरी तपासायला आले की बाहेर कुणाला दाखवतात का?’ तेवढं पटलं त्यांना. गल्लीला अजून पटलेलं नाही.

एआयचं म्हणाल तर हो, पोकळ अलर्ट गाळायचं काम यंत्र करू लागलंय आणि पहिल्या पायरीवरची माणसं कमी लागतील असं मलाही दिसतं. यावर माझ्याकडे दिलासा नाही.

‘गावात याचा उपयोग काय’ असंही विचारलंत. ऐका. आमच्या बचत गटातल्या एका काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीएम किसान यादी’ नावाची फाइल आली. ती यादी नव्हतीच, एपीके होतं, म्हणजे थेट मोबाइलमध्ये बसणारं अ‍ॅप. मेसेज वाचायची परवानगी त्यांनी स्वतःच दिली, ओटीपी परस्पर गेले, अठरा हजार गेले. त्या रडत आल्या तेव्हा पाऊण तास झाला होता. आधी त्यांचा फोन फ्लाइट मोडवर टाकला, माझ्या फोनवरून १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, लावला, मग बँक. साडेसहा हजार पुढच्या खात्यात अडकले, बाकीचे गेले. ते साडेसहा परत हातात पडायला केवढे हेलपाटे झाले, तो वेगळाच लेख होईल. त्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून सगळं पाहत होत्या.

वहिनींसाठी सांगायचं तर आणखी एक क्लास लावू नका. त्यांना हेल्पडेस्क, नेटवर्क सपोर्ट, तालुक्याला संगणक दुरुस्तीचं दुकान, जे मिळेल ते मागायला सांगा. तिथला ‘अनुभव’ अर्जात धरला जातो. पगार लाज वाटावी इतका असेल. आणि लेकरांना कोण बघणार हे आधी घरात बसून ठरवा, भाऊ, त्यात तुमचंही नाव येऊ द्या.

एक विनंती. पुढची प्रतिक्रिया त्यांनी स्वतः लिहिली तर बरं होईल. त्यांना काय आवडलं, कुठे अडलं, हे तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. या आठवड्यात माझी रात्रपाळी आहे, दुपारी तीननंतर मी जागी असते.