तुम्ही जिल्हाधिकारी आहात, असे समजा

प्रश्नपत्रिकेत मी कायम जिल्हाधिकारी असतो. कधी पोलीस अधीक्षक, कधी महापालिका आयुक्त. लिपिक कधीच नाही. आणि त्या खुर्चीवर बसल्यापासून मला एक दिवस सुखाचा मिळालेला नाही. जिल्ह्यात पूर आलेला असतो, बंधाऱ्याचं निकृष्ट काम करणारा ठेकेदार नेमका माझा वर्गमित्र निघतो, त्याच्या डोक्यावर मंत्र्यांचा हात असतो, माझी बढती तोंडावर आलेली असते आणि आई दवाखान्यात असते. केस स्टडीतली आई सहसा ठणठणीत नसतेच. माझी खरी आई पहाटे उठून दोन म्हशींची धार काढते. पोरगं पुण्यात बसून आपल्याला रोज अॅडमिट करतंय हे तिला कळलं, तर माझं काही खरं नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेतला हा सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर. नाव भारदस्त: नीतिशास्त्र, सचोटी आणि अभिक्षमता. गुण 250. तो 2013 साली आला. त्याआधी साहेब होण्यासाठी नुसतं हुशार असून भागायचं. आता चांगलंही असावं लागतं, तेही तीन तासांत. पोटप्रश्न धरून 19 प्रश्न, म्हणजे सद्सद्विवेकबुद्धीच्या वाट्याला सरासरी साडेनऊ मिनिटं. केस स्टडीला थोडी सवलत म्हणून बारा धरा. बारा मिनिटांत पूर ओसरवायचा, ठेकेदार काळ्या यादीत टाकायचा, मंत्र्यांना नम्रपणे नाही म्हणायचं, आईला भेटून यायचं, आणि हे सगळं 250 शब्दांत, समासाबाहेर न जाता.

उत्तराचा साचा ठरलेला आहे. आधी हितसंबंधी कोण कोण ते लिहा. मग नैतिक पेच. मग पर्याय. पहिला पर्याय असा लिहायचा की तो कुणीही निवडणार नाही: 'दुर्लक्ष करून रजेवर जाणे.' दुसरा असा की तो फक्त हुतात्मेच निवडतील: 'तडकाफडकी राजीनामा देणे.' तिसरा आपला. त्यात समिती असते, संवाद असतो, पारदर्शकता असते आणि सगळे खूश होतात, ठेकेदारसुद्धा. शेवटी गांधीजींचा ताईत: सर्वांत गरीब आणि दुबळ्या माणसाचा चेहरा आठवा आणि आपल्या या पावलाचा त्याला काही उपयोग होईल का, ते स्वतःला विचारा. ही ओळ मी इतक्या उत्तरांखाली लिहिली आहे की हात आपोआप चालतो. त्या वेळी डोळ्यांसमोर चेहरा म्हणाल तर पर्यवेक्षकाचा असतो, कारण तो घड्याळाकडे बघत असतो.

उदाहरणंही लागतात. आर्मस्ट्राँग पामे या अधिकाऱ्याने मणिपूरच्या डोंगरात लोकवर्गणीतून सुमारे 100 किलोमीटरचा रस्ता उभा केला. एवढं मोठं काम त्यांनी एकदाच केलं. आमच्या पेठेत ते रोज होतं. नेतृत्वाचा प्रश्न असो, करुणेचा असो की समाजमाध्यमांचा, रस्ता तयारच. मराठी माध्यमाची मुलं त्याला अनिलकुमार लखिनांची जोड देतात. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला जिल्हाधिकारी असताना त्यांनी कचेरीतल्या फायलींच्या ढिगाऱ्याला अशी शिस्त लावली की त्याचा 'लखिना पॅटर्न' झाला. हे उदाहरण आम्ही लिहितो ते ज्या खोलीत बसून, तिथे तीन जणांच्या झेरॉक्सचे गठ्ठे एकमेकांत मिसळलेले असतात आणि ज्याला जी पानं सापडतील ती त्याची.

पाठांतराचं विचारू नका. ब्रिटनमध्ये खासदार पैसे घेऊन संसदेत प्रश्न विचारतात असा बोभाटा झाला, तेव्हा नोलन समिती नेमली गेली आणि 1995 मध्ये तिने सार्वजनिक जीवनाची सात तत्त्वं सांगितली. गुन्हा तिकडच्या खासदारांनी केला, घोकंपट्टी सदाशिव पेठेत चालू आहे. निःस्वार्थता, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा, नेतृत्व. लक्षात राहावं म्हणून आद्याक्षरं जुळवली, तर 'निसवउखुप्राने' असं काहीतरी कफावरच्या औषधासारखं तयार झालं. माझा रूममेट ते झोपेत म्हणतो. 'खु' पर्यंत येतो आणि कूस बदलतो. खुलेपणाच्या पुढचं त्याला जागेपणीही आठवत नाही.

एवढी नीती एका गल्लीत साठल्यावर तिचा स्फोट होणारच. तो आमच्या अभ्यासिकेत झाला. एसीच्या झोताखाली, चार्जिंग पॉइंटला लागून एक कोपऱ्यातली खुर्ची आहे. तिच्यावर रुमाल आणि पाण्याची बाटली ठेवून लातूरचा चहाला गेला. (इथे नावं कुणाला ठाऊक नसतात; माणूस गावावरून ओळखला जातो.) लातूरचा चहाला गेला की टपरीवर आधी निकालाची चर्चा होते, मग जागा किती निघणार याची, मग पोहे. दीड तास रुमाल अभ्यास करत होता. तेवढ्यात नव्याने आलेला चंदगडचा मुलगा रुमाल बाजूला सारून बसला. लातूरचा परतला आणि चौथा पेपर सुरू झाला.

धुळ्याने जर्मन तत्त्वज्ञ कांट काढला. प्रत्येकाने रुमाल टाकून जायचं ठरवलं तर अभ्यासिकेत फक्त रुमालच उरतील, म्हणून हे तत्त्व सार्वत्रिक होऊ शकत नाही. परभणी उपयुक्ततावादी, त्याने बेंथॅमच्या हिशेबाने सांगितलं की रुमालाला एसीचं सुख होत नाही, चंदगडला होतं, सबब एकूण सुख वाढलं आहे. लातूरने हरकत घेतली की माझ्या दुःखाची वजाबाकी कुणी केली? मग रॉल्सचा अज्ञानाचा पडदा आला: आपण रुमालवाले आहोत की बिनरुमालवाले हेच माहीत नाही असं समजून नियम ठरवा. सगळ्यांनी डोळे मिटून तसं समजायचा प्रयत्न केला. लातूरला ते जमेना, कारण रुमाल त्याच्या हातात होता. शेवटी तिसरा पर्याय निघाला, म्हणजे समिती. समितीत कुणाला घ्यायचं यावरून हितसंबंधांचा संघर्ष उपस्थित झाला.

आवाज ऐकून अभ्यासिकेचे काका वर आले. त्यांनी फळ्यावर खडूने लिहिलं: 'अर्ध्या तासापेक्षा जास्त जागा अडवली तर रुमाल जप्त.' खाली सही ठोकली, लातूरचा रुमाल खिशात घातला आणि निघून गेले. पूर्वसूचना न देता झालेली ही कारवाई नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाला धरून नव्हती, पण बोलायची कुणाची छाती झाली नाही. संध्याकाळी बऱ्याच वह्यांत 'तत्पर निर्णयक्षमता' या मथळ्याखाली काकांची नोंद झाली.

सराव चाचणीचे पेपर तपासून येतात तेव्हा त्यांवर लाल शेरे असतात. माझ्यावरचा ठरलेला शेरा: 'मुद्दे योग्य, मानवी स्पर्श कमी.' म्हणून मी आकृत्या सुरू केल्या. मधोमध वर्तुळ, वर्तुळात 'नागरिक', चहूबाजूंनी त्याच्याकडे रोखलेले बाण. गुण दोनाने वाढले.

मानवी स्पर्शाची बाकी कसर मामा भरून काढतो. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी त्याला उत्पन्नाचा दाखला हवा होता. सगळी कागदं जोडूनही काम अडलेलं, आणि कुणीतरी त्याला 'चहापाण्याचं बघा' असं सुचवलेलं. मी ताडकन महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा, 2015 सांगितला: अर्जाची पोच मागायची, सेवेची मुदत ठरलेली असते, मुदतीत काम झालं नाही तर अपील, आणि कसूर ठरली तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. मामा शांतपणे म्हणाला, "आरं साहेब, तू पेपरात लिही. मी शंभराची नोट घिऊन जातो."

पण तो नोट घेऊन गेलाच नाही. पोच मागितली, मुदत उलटल्यावर अपिलाचा अर्ज टाकला, आणि दाखला सुनावणीच्या आधीच हातात पडला. तेव्हापासून मामाला कलमांची चटक लागली आहे. पारावर तो आता वकिली करतो आणि अडलं की रात्री जेवण झाल्यावर मला फोन लावतो. परवाचा त्याचा प्रश्न असा:

"समज, तू तहसीलदार हाईस."

बढती नाही तर पदावनती, पण म्हटलं चालेल.

"आपल्या आळीतली म्हातारी. तिचं निराधारचं पैसं आल्यात खात्यात. पर अंगठा मशिनीवर उमटंना. जलमभर खुरपून बोटावरच्या रेघाच गेल्यात. बँकेवाला म्हणतो कचेरीत जा, कचेरीवाला म्हणतो बँकेत जा. आता काय करशील?"

"हे बघ मामा," मी घसा साफ केला, "यात हितसंबंधी तीन. एक लाभार्थी, दोन बँक, तीन..."

"ते ऱ्हाऊ दे. म्हातारी हितंच बसलीया माझ्या शेजारी. तिच्याकडं फोन देतो, तिलाच सांग."